माळावरचा चकवा

कार्ना, १४ मार्च १९८६

प्रिय मॅकडारा,

तू तिकडे बॉस्टनमध्ये खुशाल असशील. आम्हीही बरे आहोत. तांबडी गाय व्यायली, शेजारच्या फेस्टीची होडी एकदाची रंगवून झाली, आणि बाबांचे गुडघे बाबांइतकेच हट्टी आहेत.

गेल्या आठवड्यात डब्लिनहून एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. भटकण्यासाठी आपल्या आयरिशमध्ये काय काय शब्द आहेत ते ती गोळा करते. बाबा काय खुलले म्हणून सांगू! आपल्या खुशीनं हिंडणं ते 'फानीख्त', वाट चुकून भटकणं ते 'शाख्रान'. पहिलं माणूस करतो. दुसरं माणसावर असतं, थंडी किंवा भूक असते तसं.

"म्हणजे त्यात माणसाचा दोष नाही, आजोबा?"

"पोरी, ताप आला तर दोष कुणाचा?"

जन्मभर ही भाषा बोलले, पण हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवस गाईशी बोलतानासुद्धा मी असले शब्द उलटेपालटे करून बघत होते.

मुलीनं उदाहरण मागितलं. बाबा म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वी माझा मुलगा भांडून निघाला. त्याला थांबवायला मी माळावरून धावलो, तर चकव्याच्या ढेकळावर पाय पडला. साठ वर्षांची पायाखालची वाट, पण कुंपणातली फट काही सापडेना.

"स्वतःच्याच माळावर हरवलास, म्हाताऱ्या?" फेस्टी चहा पिता पिता हसला.

"हरवलो. शेवटी कोट काढून उलटा घातला, तेव्हा चकवा सुटला. रस्त्यावर पोचलो, तर बस वळणापलीकडे गेलेली."

मॅकडारा, मला हे माहीत होतं. उलट्या कोटात, चिखलानं माखलेले बाबा दारात आले, तेव्हा मी तिथंच उभी होते. तू पहिल्याच पत्रात विचारलंस, बाबा माझ्या मागे आले होते का? आणि मी लिहिलं, खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. तू सुटलास आणि मी इथं अडकले, याचा मला भयंकर राग होता. त्या एका ओळीपायी तू घर तोडलंस. मला फार लाज वाटते.

जाताना मुलीनं विचारलं, "आणि गेला तो परतलाच नाही, त्याला काय म्हणता?"

बाबा म्हणाले, "त्याला शब्द नाही. तो अजून वाटेत आहे."

बाबांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. मी काय केलं ते त्यांना अजून सांगितलेलं नाही, तुझ्यासमोर सांगेन. माझ्यावर रागावून ये, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, पण ये.

बहीण म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडून,
बार्ब्रा