मागचा डावा सिलिंडर

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन एकदाचं चालू झालं! चार सिलिंडर, दोन इकडे, दोन तिकडे, सगळे आडवे निजलेले. पाणी नाही, नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर गार होणारे. वहिनीला सांग, तिच्या दिरासारखंच आहे, आडवं पडूनही काम करतं.

पण मागचा डावा सिलिंडर तापतो. तिघे गुणी, हा एकटा भट्टी. पंखा बनवणाऱ्या आमच्या विभागातल्या पंखेवाल्याशी माझी रोज जुंपते. साहेबांनी बजावलंय, डिसेंबरअखेर चारशे तास न थांबता चालवून दाखवा, नाहीतर कंपनी जुनं उभं इंजिन घेईल आणि तुमच्या विभागाला टाळं. सात वर्षं गेली रे यात.

तुमच्या फाउंड्रीतून येणारी सिलिंडरची ओतीव कास्टिंगं मात्र दृष्ट लागण्यासारखी असतात. तुझ्या हातचे साचे, दुसरं काय!

वहिनीला नमस्कार. आठवण ठेव.
तुझा,
धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वहिनी म्हणते, दिराला आडवं पडलेलं पुष्कळदा पाहिलंय, काम करताना अजून नाही.

मागचाच डावा? नक्की? मला तर पंख्याचीच शंका येते, वारा तिथवर पोचत नसेल. आमच्याकडून म्हणशील तर मार्चपासून एकही कास्टिंग बाद गेलेलं नाही. मालक पाठ थोपटून गेले.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.
दादा

१९ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तीनशे बाराव्या तासाला संपलं. मागच्या डाव्यातला पिस्टन वितळला. पंखा तीनदा बदलूनही हेच. साहेब पंखेवाल्याला काढायला निघाले होते. त्याची दोन पोरं लहान आहेत. मी लिहून दिलं, आराखडा माझा, चूक माझी.

आता इंजिनाजवळ मला कोण उभं करणार? एक तारखेपासून पंप दुरुस्तीच्या दुकानात जातोय. फार थकलोय, दादा.
धाकटा

२ जानेवारी

चि. धाकट्यास,

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून लिहितोय. सिलिंडर गार राहावा म्हणून त्यावर बाहेरून पट्ट्या असतात; मागच्या डाव्यावरच्या पट्ट्यांमधल्या खाचा सगळ्यांत अरुंद होत्या. ओतताना साच्यातली तिथली वाळू ढासळायची, दहातली आठ कास्टिंगं बाद. मालक म्हणाले, हे काम दुसऱ्या फाउंड्रीला जाईल. तुझं काम परक्याच्या हाती? मला बघवेना. ज्या लाकडी नमुन्यावरून साचा काढतो, त्यातल्या त्या खाचा मी मार्चमध्ये मेणाने बोटभर बुजवल्या. वाटलं, मागची बाजू, कोण बघतंय.

वारा त्या खाचांतूनच जातो, हे तुझं जूनचं पत्र वाचून लक्षात आलं. तरी मी पंख्यावर ढकललं. भ्यालो रे. तुझ्या साहेबांना सगळं लिहून कळवतो.
दादा

१० जानेवारी

दादा,

साहेबांना लिहू नकोस. इंजिन फोडून भंगारात टाकलं, उभ्या इंजिनाचं काम सुरू झालं. आता उगाच तुझीही नोकरी जाईल.

बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू मी नमुन्याला कापून मोजली. पिस्टन, पंख्याची पाती, बोल्टसुद्धा. तुझं एकही कास्टिंग कापलं नाही. तपासनीस एकदा करवत घेऊन आला, तर मी त्याच्यावर खेकसलो, "ते माझ्या भावाचं काम आहे." अर्ध्या दिवसात सगळं कळलं असतं.

राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते ठरवता येत नाही. सध्या पत्र पाठवू नकोस. लोभ असू दे, असं लिहायला आज हात वळत नाही.
धाकटा