वजिराला वजीर

प्रिय दादा,

मुलांना माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला पाठवण्याबद्दलचा तुझा मेसेज सोमवारीच वाचला. उत्तर नाही म्हणून रागावला असशील. फोनवर नीट बोलता आलं नसतं.

कोपरीच्या घरात, बाबांच्याच टेबलावर, माझा क्लास चालतो. नऊ मुलं आहेत. चाली येतात, पण समोर सोंगटी दिसली की मारतात. म्हणून या आठवड्यात तेच घेतलं. आपली एक सोंगटी जास्त असेल तर वजिराला वजीर, हत्तीला हत्ती अशी मारामारी करावी. पट रिकामा होतो आणि ती जास्तीची सोंगटी भारी पडते. कमी असेल तर टाळावी. बाबांनी हेच शिकवलं, आधी तुला, मग मला.

उदाहरण म्हणून शहाडच्या स्पर्धेतला तुझा-माझा शेवटचा डाव मांडला, नावं न सांगता. काळ्याचा घोडा जास्त, पांढऱ्याची सगळी भिस्त वजिरावर, आणि वजिराला वजीर मारता येतोय. ऐश्वर्या नावाची मुलगी म्हणाली, टीचर, मारून टाका ना, मग त्याच्याकडे उरतंय काय? मी सांगितलं, काळ्याने वजीर मागे घेतला. ती हसतच सुटली. येडाच आहे काळा, म्हणाली.

काळ्या सोंगट्या माझ्या होत्या, पांढऱ्या तुझ्या. मी वजीर मारायला हात उचलला, तेव्हा दोरीपलीकडे उभ्या बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. घरी त्याचा अर्थ ठरलेला होता: नको, मागे घे. मी घेतला. पाच चालींत मात. राज्य स्पर्धेला तू गेलास, त्या सर्टिफिकेटवर तुला कॉलेज मिळालं. परतताना बाबा म्हणाले, तुझं जरा चुकलंच, योगिनी.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दिवशी बाबांचाच अंदाज चुकला. ऐश्वर्या हसली आणि कळलं, इतकं साधं बाबांचं चुकणार नाही. तू तो चष्मा पाहिलास का, मला माहीत नाही. उगाच आरोप करत नाही. बरोबर चाल मलाही दिसत होती, तरी मी ऐकलं. विचारायला बाबा आता नाहीत.

आणि तू लिहितोस, अनिश आणि माधवी दोघांना महिनाभर बघ, ज्याचं डोकं चालेल त्याच्यावरच मेहनत घे, दुसऱ्याला सोडून दे, घोडबंदरहून दोघांची ने-आण जमत नाही. ते माझ्याच्याने होणार नाही. शिकवेन तर दोघांना, नाहीतर एकालाही नाही. आणि त्यांच्या स्पर्धेला तू यायचं नाहीस.

तरीही तुझीच,
योगिनी