दहाच्या आत खुर्चीत

ता. ४, दुपार

चि. बाळ यास अ. उ. आ.

फोनवर बोलले की दम लागतो, लिहिलं की लागत नाही, म्हणून हा कागद. सिस्टर त्याचा फोटो तुला पाठवतील. आज माझा ऑक्सिजन काढला. जेवण बेचव आहे, म्हणजे चव परत आली म्हणायची.

आता कामाचं. तू याच इस्पितळात खाली बसून खाटा वाटतोस, पण वर वॉर्डात काय चालतं ते तुला दिसत नाही. डॉक्टर नऊला राउंड घेतात, पाच-सहा जणांना घरी जा म्हणतात. ते बिचारे कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन चारपर्यंत खाटेवरच. का, तर औषधं यायचीत, सही व्हायचीय. मी एकोणतीस वर्षं एसटीच्या डेपोतून गाड्या सोडल्या. उतारू उतरले की गाडी फलाटावर उभी राहू दिली नाही. समोरचा व्यायामाचा हॉल साथ आल्यापासून कुलूपबंद आहे. तिथे खुर्च्या टाका आणि बरे झालेल्यांना दहाच्या आत तिकडे बसवा. खाली स्ट्रेचरवर मी सात तास काढले, त्यातच माझा आजार वाढला.

सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, आजी, आराम करा. आराम करून कंबर मोडली.

तुझी आई

ता. ५, दुपार

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेट्रनबाईंना दाखवलं. त्या हसल्या आणि बघू म्हणाल्या. बघू म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

बातमी चांगली नाही. सासूबाईंना आज सकाळी इथे आणलं. स्ट्रेचरवर आहेत, रांगेत पाचव्या. जास्त जोराचा ऑक्सिजन वरच्या वॉर्डातच आहे आणि डॉक्टर म्हणतात, उद्या दुपारच्या आत खाट मिळायलाच हवी. तुझी सून रडून म्हणाली, यादी तुमच्याच हातात आहे ना, मग आईचं नाव वर घ्या. पेन हातात घेतलं होतं, आई. पण चौथा नंबर एका रंगाऱ्याचा आहे. त्याला धड बसताही येत नाही. काय करू?

तुझा बाळ

ता. ५, संध्याकाळ

चि. बाळ यास आशीर्वाद.

आधी पेन खाली ठेव. रांग मोडायची नाही, रांग पुढे सरकवायची. उद्या सहाजण घरी जाणार असं डॉक्टर आत्ताच सांगून गेले. त्यात मीही आहे. बाकी पाचांशी बोलले. एक निवृत्त गुरुजी अडून बसले, म्हणे चारपर्यंत खाट माझ्या हक्काची. त्यांना म्हटलं, हक्क अवश्य ठेवा, फक्त खुर्चीत बसून ठेवा. मग निमूट तयार झाले.

मेट्रनबाईंना कळव, राउंड झाला की आम्ही सहाजण हॉलच्या दारात हजर. कुलूप निघालं तर ठीक, नाहीतर जिन्यावर बसू. सूनबाईला सांग, माझा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. भीती मलाही वाटतेय रे.

तुझी आई

ता. १८, सकाळ

ती. विहीणबाईंना स. न. वि. वि.

जावईबापूंवर मी तीन दिवस रुसले होते. सासूला पाचवा नंबर म्हणजे काय! सहा तारखेला तुम्ही सहाजण उठलात, साडेदहाला रंगारी वर गेला आणि पावणेअकराला मी, तुमच्याच खाटेवर. संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. रंगारी माझ्याच शेजारी होता. चौथ्या दिवशी उठून बसला आणि वॉर्डाचा रंग किती भिकार आहे यावर तासभर बोलला. मग कसला रुसवा अन् कसलं काय!

हॉलचं कुलूप त्या सकाळी निघालं, ते तेव्हापासून लागलेलंच नाही. खाली आता दोन तासांच्या वर कुणी थांबत नाही, आणि माणसं वेळेत वर आल्यामुळे लवकर बरी होतात, असं सिस्टर सांगतात.

आज माझा डिस्चार्ज. हे पत्र खुर्चीतूनच लिहितेय, आणि ती टोचते, हे मेट्रनबाईंच्या कानावर घातलंय. औषधं यायची होती, तोवर पडा म्हणत होते. नाही पडले. मी वॉर्डाच्या दारातून बाहेर येताना एक स्ट्रेचर आत निघालं होतं. त्यावरची बाई माझ्याच वयाची, घाबरून गेलेली. तिला सांगितलं, खिडकीजवळची खाट तुमचीच आहे, ऊन छान येतं. तिने माझा हात घट्ट धरला, सोडेचना. विहीणबाई, त्या सकाळी तुम्ही खाट सोडून उठलात, पण तुमचा हात धरायचं माझं राहून गेलं.

लोभ आहेच, अधूनमधून भांडणही असू द्यावं.

आपली विहीण