युनशियाचे दगड

२८ नोव्हेंबर

चित्रातले डोंगर माझे नाहीत. लिहून टाकलं एकदाचं! बाह्यरेषा माझी, सही-शिक्का माझा — पण दगडांवरचा तो खडबडीत पोत युनशियाचा, माझ्या बायकोचा. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून माझा उजवा हात थरथरतो. लग्न झाल्यापासून ती शेजारी बसून शाई घोटतेय. एके दिवशी वैतागली — "आण तो कुंचला, म्हाताऱ्या! दगड काढतोयस की शेवया?"

काढले तिनं. माझ्यापेक्षा सरस. तेव्हापासून तीच काढते.

१ डिसेंबर

कोबी खारवायचे दिवस. युनशिया दिवसभर अंगणात, बर्फगार पाण्यात. संध्याकाळी तिच्या पेरांना मलम लावलं. नुसत्या भेगा! दोन ठिकाणी रक्त. भेगाळलेल्या कातडीला आणि चित्रातल्या दगडाच्या पोताला आपल्या चिनी लिपीत अक्षर एकच — त्सुन. विद्यार्थ्यांना हे मी जन्मभर फुशारकीनं सांगत आलो. आज ते हात हातात घेतले आणि मान वर करवेना.

"जोरात चोळ की," ती म्हणाली. "उद्या तुझा कडा पुरा करायचाय."

तुझा!

४ डिसेंबर

संस्कृती केंद्राचे तोंग साहेब आले होते. कड्याला नाक लावून म्हणाले, "गुरुजी, काय हा त्सुन! या वयात हात असा चालतो?"

मी चहा ओतत राहिलो. युनशिया दारातच उभी होती. लाज वाटली. रविवारी प्रदर्शन आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगणार. ठरलं.

५ डिसेंबर

नाही जमायचं.

७ डिसेंबर

सांगितलं! उठलो आणि म्हणालो, "यातले दगड माझ्या बायकोनं काढलेत."

हशा, टाळ्या! कुणीतरी ओरडलं, "गुरुजी घरी मार खातात वाटतं!" मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, लोक आणखी हसत होते. तोंग साहेबांनी गंमत म्हणून टेबलावर कागद पसरला, कुंचला युनशियापुढे धरला. "घ्या वहिनी, होऊन जाऊ द्या!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात अस्तन्यांत ओढून घेतले.

"छे हो, मला कुठलं येतंय? मी आपली शाई घोटते."



८ डिसेंबर

काल एक गोष्ट लिहायची टाळली. ती नाही म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं.