टॅपेट कव्हरचे सहा बोल्ट

२८ मार्च

पुन्हा गळली! अंगणातल्या फरशीवर बशीएवढा डाग. विहारातून घरी येईपर्यंत गाडीत धूर आणि जळक्या तेलाचा वास. मी पदर नाकाला लावून बसलेली आणि हे गाडी चालवत म्हणतात, "काही नाही होत. जुनी गाडी आहे."

चार महिन्यांत तिसऱ्यांदा. इंजिनाच्या डोक्यावर झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याच्या मागच्या बाजूनं तेल झिरपतं आणि खालच्या तापलेल्या पाइपवर पडतं. हे मी सांगते आहे, आमचे उस्ताद नाही. उस्ताद म्हणजे माझा नवरा, धर्मपाल. इथे रायपूरला रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. सगळा कारखाना उस्ताद म्हणायचा, म्हणून वहीत मीही तेच लिहिते. तर उस्तादांचा इलाज ठरलेला — बॉनेट उघडायचं, सहाही बोल्ट दातओठ खाऊन आवळायचे, वरून सिलिकॉनची पेस्ट थापायची. आठ दिवस बरं. मग थेंब.

आज मात्र नवीनच काढलं. "विकून टाकू. पलीकडच्या गल्लीतल्या कबाड्याशी बोललो. चौदा एप्रिल झाली का नेतो म्हणते."

विकायची! मी फेब्रुवारीत लायसन काढलं. शंकर नगरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, एकसष्टाव्या वर्षी, पहिल्याच परीक्षेत पास! आणि आता गाडीच नाही? तशीही किल्ली आजवर एकदाही हातात दिलेली नाही. "लायसन कागदाचं असते, गाडी लोखंडाची" म्हणे.

३० मार्च

पैज लागली.

जेवताना मीच म्हटलं, "गाडी मी दुरुस्त करते. तुम्ही मधे पडायचं नाही. थेंब पडला तर द्या कबाड्याले. नाही पडला तर किल्ली माझी."

यांचा घास हातातच राहिला. मग हसले. "तू? सारी जिंदगी खिडकीतून वायसर वाटत होती तू!"

वाटत होते मी वॉशर! तेहतीस वर्षं त्याच कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत बसले. यांच्यासारखे शंभर उस्ताद त्या खिडकीशी उभे राहून विचारायचे, "मॅडम, इथं कोणतं लागेल?" तांब्याचं वायसर, रबराचं, स्टीलच्या बशीत रबर बसवलेलं — डोळे मिटून बोटानं सांगेन कुठलं कुठे बसतं. पाना कधी धरला नाही, हे कबूल. पण गळती जोरानं थांबत नाही. योग्य वस्तू योग्य जागी लागते, एवढंच.

"लावली," म्हणाले. पण हसू गेलेलं होतं तोंडावरचं. घाबरले असणार!

पायलला फोन केला. भिलाईला असते लेक. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "मम्मी, बेच दो ना. पापा अब चलाते भी कहाँ हैं?" हे बाकी खरं. विहार आणि घर, घर आणि विहार. बाजारातसुद्धा पायी जातात. आळस!

१ एप्रिल

आधी दुखणं कुठे ते नीट बघायचं, मग औषध. इंजिन ब्रशनं घासून धुतलं, वाळवलं आणि वरून माझी अंगाला लावायची पावडर भुरभुरली. चांगली अर्धा डबा. उस्ताद दारात उभे. "लग्नाले चालली का गाडी?"

किल्ली फिरवायला मात्र स्वतः आले. इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, किल्ली परत खिशात.

पांढऱ्या पावडरीवर तेलानं स्वतःच रेघ काढून दिली — मागच्या कोपऱ्यातल्या दोन बोल्टांमधून. आणि सहाही बोल्टांच्या डोक्याखाली एक एक तपकिरी कडं. म्हणजे झाकणाखालची पट्टी, गॅस्केट, तीही गेलेली आणि बोल्टाखालची रबरंही. मला इतका आनंद झाला की पावडरीच्या हातानंच चहा ठेवला.

२ एप्रिल

कव्हर उघडलं. आत सिलिकॉनच्या पेस्टचे लोंबते तुकडे. असा एखादा तुकडा खाली तेलात पडून जाळीत अडकला असता तर इंजिनच गेलं असतं. गॅस्केट चपटं, आठ दिवसांच्या भाकरीसारखं कडक. वाकवलं तर कटकन मोडलं.

पण खरी गोष्ट पुढेच. कपाटाचा जुना आरसा आडवा ठेवला, कव्हर त्यावर पालथं घातलं आणि कडेखालून वहीचा कागद सरकवून पाहिला. बोल्टाशी अडला, दोन बोल्टांच्या मधे सरळ आत गेला! आवळून आवळून पत्रा बोल्टांपाशी दबलाय आणि मधे उचलला गेलाय. जितकं आवळलं तितकी फट वाढली. गळती उस्तादांच्याच हातची. नाचता येईना अंगण वाकडं!

सांगितलं तोंडावर. "काहून, ढिल्ला ठेवू का मंग?" म्हणाले. नंतर खुर्ची टाकून दिवसभर उंटावरून शेळ्या हाकत बसले — हे असं धर, ते तसं पूस.

संध्याकाळी हे भाजी घेऊन आले तर एका पायात चप्पल नाही! वाटेत निघून गेली म्हणे, लक्षात नाही आलं. मी इतकी हसले. हे आपला बिनसाखरेचा चहा घेऊन आत निघून गेले, चिडले असावेत.

५ एप्रिल

इथे गुढियारीतच, आपल्या गल्लीच्या तोंडाशी लोकेशचं लेथ मशीन. पोरगेला वाटतो, पण हात चांगला. "दीदी, भैया को भेज देतीं. नाप वो बता देते."

मी वहीचं पान पुढे केलं. मापं मिलिमीटरमध्ये, चित्रासकट. साधा बोल्ट नकोच मला. बोल्टाच्या मधे जाड खांदा हवा. ठरलेल्या खोलीवर तो खांदा खाली टेकतो आणि बोल्ट तिथेच थांबतो. गॅस्केट हवं तेवढंच दबतं, जास्त नाही. आवळणारा कितीही मोठा उस्ताद असो! वर रुंद बशीचं वायसर आणि त्यात नवं रबर.

लोकेशनं चित्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "हव दीदी. कितने बनाऊँ?"

"छह चाहिए. आठ बनाओ."

लागतात त्याहून दोन जास्त मागवायचे. स्टोअरचा नियम आहे माझा.

७ एप्रिल

पहिल्या दुकानात बुचाचं गॅस्केट देत होता. परत केलं. तिसऱ्या दुकानात रबराचं मिळालं, अगदी मापाचं. कव्हरची कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हळूहळू सरळ केली. आता आरशावर कागद कुठूनच शिरत नाही. मी भारी आहे!

९ एप्रिल

काय लिहू. 

सकाळपर्यंत सगळं छान होतं. दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या. पेस्ट फक्त दोन कोपऱ्यांत, मुगाच्या दाण्याएवढी. गॅस्केट बसवलं, कव्हर ठेवलं. लोकेशनं करून दिलेले बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडा थोडा. प्रत्येक बोल्ट आधी हलका फिरतो आणि मग टक्कन थांबतो. खांदा टेकला की हाताला साफ कळतं. मी आयुष्यात पहिल्यांदा पाना धरला होता, मला कळलं!

पाच झाले. हे मागे उभे होते. वाटलं, पस्तीस वर्षं पाना चालवलेला माणूस, शेवटचा मान त्यांना देऊ. म्हटलं, "सहावा तुम्ही लावा."

घेतला पाना. फिरवला. टेकलेला मला दिसला. मी म्हटलं, "बसला." हे फिरवतच राहिले. "अहो, बसला!" — आणि बोल्टाचं डोकं तुटून पान्यासकट हातात.

मग मी नाही थांबले. "मुद्दाम केलं तुम्ही! बायकोपुढे हरायचं नाही म्हणून! कबाड्याले द्यायची ना गाडी? म्हणून तोडला!" शेजारी ऐकत असतील तर ऐकोत.

हे हातातल्या पान्याकडे पाहत राहिले. मग तो इंजिनावर ठेवला आणि आत गेले. जेवलेही नाहीत. नका जेवू.

तुटलेलं बूड पकडीनं धरून फिरवलं, सहज निघालं. सातवा बोल्ट लावला. जास्तीचे मागवले होते म्हणून बरं!

१० एप्रिल

गाडीखाली पांढरा पुठ्ठा. कोरडा. घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

१२ एप्रिल

रस्त्यावर पळवल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. म्हटलं, "एक चक्कर मारून आणा." तर म्हणे ऊन आहे. ऊन! मग काय केलं असेल? लोकेशला बोलावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मी समोर उभी, पर्समध्ये लायसन, आणि किल्ली लेथवाल्याला!

तासाभरानं आला पोरगा. "दीदी, नया रायपुर तक हो आया. मक्खन!" बॉनेट उघडून पांढरा रुमाल कव्हरच्या कडेनं चारी बाजूंनी फिरवला. पांढराच. धूर नाही, वास नाही. रुमाल उस्तादांच्या मांडीवर नेऊन टाकला. उचलून पाहिला, घडी केली. "चांगलं काम झालं," एवढंच म्हणाले. आवाज पडलेला.

जिंकले की मी! मग किल्ली मागायची सोडून मी भांडी का घासत बसले?

१३ एप्रिल

पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. उद्या विहारात गाडी मी नेणार. किल्ली मागणार, आणि नाही दिली तर आख्ख्या गल्लीपुढे मागणार. कबाड्याला परस्पर निरोप धाडला — येऊ नको. भाजीत आज मीठ जास्त पडलं, तेही हे गुमान जेवले.

१४ एप्रिल

मागावी लागली नाही. साडी नेसून बाहेर आले तर हे ओट्यावर बसलेले, किल्ली तळहातावर. म्हणाले, "मुद्दाम नव्हता तोडला, शांता. बोल्ट टेकला ते मले समजलंच नाही. बोटाइले काही समजत नाही. पायाइलेही नाही. ब्रेकवर पाय हाय का नाही, खाली पाहा लागते. वरीस झालं. कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून विकून राहिलो होतो."

विहारात मी नेली गाडी. उद्या सकाळी डॉक्टरकडेही मीच नेणार.

वर्षभर मी शेजारच्याच सीटवर बसले होते.