खालच्या फ्लॅटची चौकशी

कर्वेनगर, पुणे
सोमवार, जेवणं झाल्यावर

रंगराव भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा, तुमची शुगर आणि तुमचा तो शेजारी, तिघंही आटोक्यात असतील अशी आशा करते. माझं म्हणाल तर मोतीबिंदू काढल्यापासून घरातली धूळ फार दिसायला लागली आहे. (शर्मिला, मान वर करू नकोस, लिही.) अक्षर माझ्या सुनेचं आहे, मजकूर माझा. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता. पत्र अर्ध्यात ठेवलंत तरी निदान मला कळणार नाही.

तर विषय तुमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटचा. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी सुदर्शनराव यांनी तुम्हाला कळवलं की तिथली भाडेकरू नाजिमा मणियार समुपदेशन करते आणि तिच्याकडे नाना तऱ्हेचे लोक येतात. तिचा अकरा महिन्यांचा करार या महिनाअखेर संपतोय. तिला ठेवायचं की जा म्हणायचं हे ठरवण्याआधी, वहिनी, तुम्ही गुपचूप चौकशी करा, असं तुम्हीच म्हणालात. आपल्या घराण्यात सोयरीक करायची असली की चौकशीला मलाच पाठवत आलात. (शर्मिलाची चौकशीही मीच केली होती. इकडे ती थांबली आहे. लिही गं, चांगलंच निघालं होतं.) मला दुसरी रीत येत नाही, म्हणून याही कामाला स्थळ बघायला जावं तशीच गेले. गुपचूप म्हणजे पेशंट होऊनच जायला हवं. (पेशंट नाही, क्लायंट म्हणतात, असं शर्मिला सांगते. तिला कसं ठाऊक, ते मी विचारलेलं नाही.)

आत एक बाक, एक कुंडी आणि भिंतीवर साडीच्या दुकानातल्या शेडकार्डासारखी रंगीत पट्टी. नाजिमाने एक कागद काढला. मी म्हटलं, बाई, मला वाचता येत नाही. बँकेतला माणूस हे ऐकलं की मोठ्याने बोलायला लागतो, जसं काही मला ऐकूच येत नाही. ही शेजारी येऊन बसली आणि सगळा कागद शांतपणे वाचून दाखवला. जात कुठे लिहायची, असं मी विचारलं, तर म्हणाली, तो रकानाच नाही. पुढे बाई, पुरुष, आणखी काही, किंवा सांगायचं नाही, असं होतं. मी म्हटलं, सांगायचं नाही असं लिही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत न सांगण्याची सोय मला कोणी दिली नव्हती, ती वाया कशाला घालवू? तिने हसून तसंच लिहिलं.

आता घराणं. वडील मैनुद्दीन, कसब्यात बांगड्यांचं दुकान. कोणाचीही लेक, कोणाचीही सून आली की हात हातात घेऊन बांगडी भरायची, हा धंदा. पेठेतल्या आजीबाई यायच्या, मंडईतल्या भाजीवाल्या यायच्या, टाळ्या वाजवत फिरणारी मंडळीही यायची आणि हिरवा चुडा भरून जायची. हात ताठ धरला की बांगडी फुटते, म्हणून वडील आधी बोलतं करायचे आणि हात सैल पडला की मगच चढवायचे. नाजिमा लहानपणी बाजूला बसून हेच बघायची. पुढे एम. ए. केलं, खराडीच्या एका कंपनीत लागली. तिथे माणसांना बोलावून ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगायचं, हे तिचं काम. सांगून झालं की ती माणसं हिच्याच समोर रडायची. दोन वर्षांनी तिने ठरवलं की रडवायचा भाग दुसऱ्या कोणी सांभाळावा, आणि हे दुकान थाटलं.

नाना तऱ्हेचे लोक येतात, ही गोष्ट मात्र खरी आहे. बाकावर माझ्या शेजारी एक उंच बाई होत्या. आवाज तुमच्यासारखा, साडी नेसणं माझ्यापेक्षा नीट. मी साडी कुठली विचारली, त्यांनी दुकान सांगितलं. पलीकडे दोन मुलगे एकमेकांचा हात धरून बसले होते. भांडून आले असावेत, कारण हात सोडवत नव्हता आणि बोलवतही नव्हतं. तुमचं नि कौशल्याचं लग्न झालं तेव्हा सहा महिने तुम्ही दोघं असेच होता. तिसरे एक गृहस्थ होते, त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण बाकावर दिसलेलं बाहेर नेऊ नये असं नाजिमाने सांगितलंय. एवढंच सांगते की मला बघताच ते दारावर लावलेली सोसायटीची नोटीस मन लावून वाचायला लागले. नोटीस त्यांनीच लिहिलेली होती.

चौकशीचं म्हणाल तर ती फसली. मी विचारायचं आणि तिने सांगायचं, असा बेत होता. मी विचारलं, ती उंच बाई काय म्हणते? तर म्हणाली, ‘आजी, तुम्ही बाहेर गेल्यावर त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, तर मी काय सांगू?’ आली का पंचाईत! नंतर पाऊण तास मीच बोलत होते. यांच्या जाण्याबद्दल बोलले, तेरा वर्षांत पहिल्यांदाच. साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही पळून बडनेऱ्याच्या स्टेशनवर बसला होता, तेही सांगून झालं. शर्मिलाबद्दल काय सांगितलं ते इथे येणार नाही, कारण लिहिणारी तीच आहे.

माझा अहवाल एवढाच: घर स्वच्छ, पाणी आग्रह न करता देते, दुसऱ्याचं काही बोलत नाही. स्थळ असतं तर मी होच म्हटलं असतं. निर्णय तुमचा. मी मध्ये पडणार नाही.

वहिनी

ता. क. रविवारी सोसायटीची सभा आहे. तुमची संमती त्याआधी आली तर सुदर्शनराव विषय मागे घेतील, असा माझा अंदाज आहे. कशावरून, ते सांगता येत नाही.

ता. क. करार हल्ली मशीनवर अंगठा ठेवून होतो. गुरुवारी अमरावतीला तुमच्या दारात एजंटचा माणूस मशीन घेऊन येईल; त्याला मीच सांगून ठेवलंय. तुम्ही बी. ए. आहात हे मशीनला कळत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

ता. क. मी आता दर बुधवारी खाली जाते. पाच वेळा जाऊन आले, माझ्या लग्नापर्यंत आलोय. यापुढे तुमच्या आईचा विषय सुरू होतो. नाजिमाला तुम्ही काढलंत, तर ते सगळं मला तुम्हालाच पत्रातून कळवावं लागेल. शर्मिलाने दोन जाड वह्या आणून ठेवल्या आहेत.