रिकाम्या ड्रायरवरचं ऊन

११ नोव्हेंबर

आजही ऊन नाही! काल सकाळी लख्ख होतं म्हणून अननस कापायला घेतले. काप जाळीच्या ताटांत मांडून ड्रायरमध्ये ठेवले आणि आभाळ भरून आलं. छतावरची सोलर पॅनेलं नुसती धुऊन निघताहेत.

माझी मैत्रीण नामुवाया म्हणाली, "नालोंगो, आत कोळशाच्या शेगड्या ठेवू या." मी साफ नाही म्हटलं. कारखाना उन्हाचा आहे. धुराचा वास लागलेला एक काप दिसला तरी शेगडी लावणारीला गटातून बाहेर काढीन—मग ती कुणीही असो! सगळ्या बायकांसमोर बोलले, ते बरंच झालं. शिस्त एकदा ढिली पडली की पडली.

ती हसली. "सूर्य काय तुझा नवरा आहे, त्याची वाट बघत बसायला?" बायका खिदळल्या. तळ्याकाठची ती! तिच्या माहेरी सगळे असेच—मासळी धुरावर वाळवायच्या भट्टीशेजारी वाढलेले, तोंडाला झाकण नाही.

१२ नोव्हेंबर

पाऊस.

१३ नोव्हेंबर

लुब्वामा आपली गाडी घेऊन आला. गावाचा अननस इतकी वर्षं हाच उचलतो, भावही हाच ठरवतो. दारात उभा राहून म्हणतो, "काय नालोंगो, जुळ्यांची आई म्हणून नालोंगो म्हणवता, तर देवाने सूर्यही दोन दिले असं वाटलं की काय? द्या ते ओले काप, रसवाल्याला घालतो." हाकलला.

जाताना फणसाखाली नामुवायाशी बोलत होता. मला बघून दोघं गप्प. नंतर विचारलं तर म्हणाली, "गाडीचं बोलत होतो." कसली गाडी? "अशीच."

वीस तारखेला कंपालाहून खरेदीदार बाई माल बघायला येणार आहे. तिने पसंत केला तर गावाला लुब्वामाचं तोंड बघावं लागणार नाही. प्रत्येक घराने पहिलं फळ माझ्या शब्दावर दिलं आहे. जन्म शेतकी खात्यात काढला—तो शब्द पडता कामा नये.

काप आंबूस लागायला लागलेत.

१५ नोव्हेंबर

ड्रायर रिकामे! एक ताट शिल्लक नाही.

राखणदार वासाजा मान खाली घालून उभा. "नामुवाया घेऊन गेली, पहाटे. लुब्वामाची गाडी होती. किल्ली तिच्याचकडे, मी कोण अडवणार?"

कुठे गेली?

"ते नाही सांगितलं. म्हणाली, नालोंगोला बोलू नकोस, ओरडेल."

ओरडेल! तिचा फोन बंद. दिवसभर बंद.

माझा नवरा गेला तेव्हा पाहुणे पांगल्यावरही माझ्या शेजारी चटईवर निजत राहिली, ती हीच. कारखान्याची दुसरी किल्ली द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. आणि विकलं कुणाला—त्या लुब्वामाला!



१६ नोव्हेंबर

प्रार्थनेनंतर अंगणात सगळ्यांना बोलावलं. आडपडदा न ठेवता सांगितलं—नामुवायाने आपला माल चोरून विकला.

म्हातारा सेम्पा म्हणाला, "तळ्याकडची माणसं! हात लावतील ते निसटतंच." त्याची सून मागून म्हणाली, "बाबा, ती आल्यावर तिच्या तोंडावर बोला. तिला येऊ तर द्या."

येऊन काय बोलणार आहे? मी हात वर करायला सांगितले. सून सोडून सगळ्यांनी केले. गटाच्या यादीतून नामुवायाचं नाव कमी झालं. दुपारी दाराचं कुलूप बदललं, किल्ली एकच—माझ्या गळ्यात.

रडले नाही. रडायची वेळ तिची आहे.

१७ नोव्हेंबर

आज ऊन! कडकडीत. पंखे भिरभिर फिरताहेत आणि आत काही नाही. बायका उंबऱ्याशी आल्या, बघून परत गेल्या. एकही माझ्याशी बोलली नाही.

कंपालाच्या बाईला काय सांगायचं? खरंच सांगेन. मैत्रिणीने लुटलं.

१८ नोव्हेंबर

सकाळी कारखान्याच्या दाराशी ताटं. सगळी. एकावर एक रचून केळीच्या पानांनी झाकलेली. काप खुटखुटीत वाळलेले, बुरशीचा ठिपका नाही. वासाला मासळी.

वासाजा म्हणाला, "गाडी नुसती भाड्याची होती. माहेरच्या भट्ट्यांवर वाळवून आणलं तिने. धुराने डोळे सुजून बंद व्हायला आलेत. मी सभेचं सांगितलं. तुम्हाला हाक मारू का विचारलं, तर नको म्हणाली."

एक काप तोंडात टाकला. कोण घेणार हे? गिळवेना, थुंकवेना.

नव्या कुलपात तिची जुनी किल्ली अर्धी अडकलेली. ओढून पाहिली. निघत नाही.